बोटांनी वाचायच्या गोष्टी

मायकेल जॉइस या अमेरिकी लेखकाची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ ही कथा संगणकावरच वाचायची आहे. पहिल्याच पडद्यावर निवेदक वाचकाला विचारतो, हे सगळं ऐकायची तयारी आहे का? ‘हो’ म्हटलं तर कथा एका वाटेने जाते, ‘नाही’ म्हटलं तर दुसऱ्या. पुढे पाचशेहून अधिक छोटे खंड आहेत. कोणत्या शब्दावर क्लिक केल्यावर काय उघडेल, याची खूण कुठेही नाही. शब्दाला वेगळा रंग नाही, खाली रेघ नाही. काही खंड तर आधी ठरावीक खंड वाचल्याशिवाय उघडतच नाहीत.

ही लपवाछपवी कथेच्या पोटातूनच आली आहे. सकाळी रस्त्यात दिसलेल्या अपघातात आपली घटस्फोटित पत्नी आणि मुलगा तर नव्हते ना, या शंकेने निवेदक पीटर पोखरला आहे. पण खरं काय ते जाणून घ्यायला तो धजावत नाही. वाचक शब्द चाचपत राहतो, फिरून त्याच खंडापाशी येतो, उत्तराजवळ पोचून पुन्हा दूर ढकलला जातो. पीटरची टाळाटाळ वाचकाच्या बोटांना जाणवते. १९८७ मध्ये लिहिलेली ही कथा ईस्टगेट सिस्टिम्सने १९९० मध्ये प्रकाशित केली. ती ज्या ‘स्टोरीस्पेस’ प्रणालीत लिहिली, ती घडवणाऱ्या तिघांपैकी एक स्वतः जॉइस होते. इतर दोघे म्हणजे जे डेव्हिड बोल्टर आणि जॉन बी. स्मिथ. गोष्ट आणि ती उघडण्याची रीत या दोन्हींचा विचार इथे एकाच डोक्यात चालला होता.

त्याच स्टोरीस्पेसमधून शेली जॅक्सन यांनी १९९५ मध्ये अगदी उलटा परिणाम साधला. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये अर्धवट घडवून नष्ट केलेली राक्षसीण ‘पॅचवर्क गर्ल’मध्ये जिवंत होते. जॉइस यांनी रचना झाकली, जॅक्सन यांनी ती नकाशासारखी उघडी ठेवली. चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा वाचकाला दिसतात. स्मशानाच्या भागात एकेक अवयव निवडला, की तो मुळात कुणाचा होता ते कळतं. तुकडे जोडून शिवलेल्या शरीराची गोष्ट वाचकही तुकडे जोडतच वाचतो.

सोलमधले यंग-हे चँग आणि मार्क व्होज ‘यंग-हे चँग हेवी इंडस्ट्रीज’ या नावाने काम करतात. त्यांनी वाचकाच्या हातातून सगळंच काढून घेतलं. ‘डकोटा’मध्ये पांढऱ्या पडद्यावर काळी मोठी अक्षरं ड्रमच्या ठेक्यावर आदळत राहतात. थांबवायला बटण नाही, मागे जायची सोय नाही. काही शब्द निसटतातच, आणि वाचनाचा वेग ठरवण्याचा हक्क छापील पुस्तक आपल्याला किती मुकाट्याने देत आलं आहे, ते पहिल्यांदा कळतं.

टचस्क्रीन आल्यावर बोट थेट मजकुरावर आलं. सामंथा गोर्मन आणि डॅनी कॅनिझारो यांच्या ‘टेंडर क्लॉज’ या स्टुडिओने २०१४ मध्ये आयपॅडसाठी ‘प्राय’ ही कथा तयार केली. तिचा नायक जेम्स आखाती युद्धातून परतलेला आहे आणि त्याची दृष्टी मंदावत चालली आहे. दोन बोटं फाकवली, की त्याचे डोळे उघडतात आणि बाहेरचं जग दिसतं. बोटं मिटली, की त्याच्या मनाचा तळ. बोटं स्थिर असली, तर मधे त्याचे विचार शब्दांत तरंगत राहतात. फोटो मोठा करायची रोजची सवय इथे माणसाच्या मनात शिरण्याचं साधन झाली आहे. या प्रकारातल्या मोजक्या पूर्ण साधलेल्या कलाकृतींत ‘प्राय’ची गणना करावी लागेल.

अशी साधलेली कामं मात्र थोडीच आहेत. ख्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये आणलेल्या ‘ट्वाइन’ या मोफत साधनामुळे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांनाही असं लेखन करता येऊ लागलं, हा मोठाच लाभ. पण तयार साचा आहे तसाच वापरला, की प्रेमकथा आणि भयकथा एकाच चेहऱ्याने समोर येतात. तो साचा मोडणारेही आहेत. पोर्पेंटाइन यांची २०१४ मधली ‘विथ दोज वी लव्ह अलाइव्ह’ वाचकाला स्वतःच्या त्वचेवर पेनने चिन्हं काढायला सांगते. पडदा बंद झाल्यावरही कथा हातावर उरते.

मांडणी कलाकृतीचाच भाग असेल, तर यंत्र बदललं की कलाकृतीलाही इजा होते. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी आपल्या ‘फ्लॅश’ या प्रणालीचा आधार काढून घेतला आणि त्यात केलेलं कितीतरी साहित्य ब्राउझरमध्ये दिसेनासं झालं. ‘रफल’सारख्या प्रणालीमुळे त्यातलं काही पुन्हा चालतं. डीन ग्रिगर आणि स्टुअर्ट मूलथ्रॉप यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘पाथफाइंडर्स’ प्रकल्पाने वेगळी वाट धरली. लेखकांना आणि वाचकांना जुन्या संगणकांपुढे बसवून त्यांचं वाचनच चित्रित केलं. त्यात ‘पॅचवर्क गर्ल’ आहे. नुसता मजकूर उतरवून ठेवला असता, तर स्मशानातून अवयव निवडणारा हात हरवला असता.

मराठी वाचकाला ही नाजूक बाजू अनुभवाने ठाऊक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी एका फाँटमधला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हं होऊन उघडत असे. आज देवनागरी कुठल्याही फोनवर दिसते, पण आपलं बहुतेक ई-साहित्य अजून छापील पानाची प्रत आहे. दोन स्तंभांची पीडीएफ फोनवर वाचताना ओळ डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. तो त्रास कुणी अर्थासाठी योजलेला नसतो. मराठी लेखकांनी पडद्यासाठी म्हणून लिहावं आणि मांडणीकाराला पहिल्या खर्ड्यापासून सोबत घ्यावं. समीक्षकांनीही अशी कृती कोणत्या यंत्रावर वाचली, बोटं कुठे अडली आणि काय वाचायचं राहून गेलं, हे परीक्षणात नोंदवावं. उद्या ते यंत्र बंद पडलं, तर कृती कशी वाचली जात होती याचा तेवढाच पुरावा हाती उरेल.