शरीफजी कीं शरभजी ?

नांव धारण करणाराचा धर्म पाहून मग त्या नांवाचा धातु शोधावयाचा, अशी एक संवय आपल्यांतील कांहीं अभ्यासकांस जडली आहे. शहाजी हें 'सिंहजी'चें व शरीफजी हें 'शरभजी'चें भ्रष्ट रूप होय, असें जें प्रतिपादन अधूनमधून ऐकूं येतें तें तिचेंच फळ. या मताच्या भरीं पडून मोडी कागदांची नक्कल करणारे मूळ अक्षरच 'शुद्ध' करूं लागले, तर पुढील संशोधकास नक्कल निरुपयोगी होईल. सबब त्याची परीक्षा अवश्य आहे.

सिंह शब्दाचें प्राकृत रूप 'सीह'. त्यांतील ईकाराचा मराठींत आकार होत नाहीं. शिवछत्रपतींच्या संस्कृत मुद्रेंतही 'शाहसूनोः' असें पद आहे. मूळ नांव सिंह असतें तर संस्कृतांतच तें टाकण्याचें कारण काय? शाह हा शब्द फारसी. प्राचीन इराणी शिलालेखांत त्याचें रूप 'क्षायथिय', अर्थ राजा. आपला 'क्षत्र' शब्द याच धातुकुळांतला. म्हणजे परका म्हणून ज्यास दाराबाहेर उभें केलें तो चुलतभाऊच निघाला !

शरीफ मात्र निर्भेळ अरबी. श-र-फ हा धातु, अर्थ कुलीन. नगरच्या शाह शरीफ पिराच्या प्रसादानें मालोजीस दोन पुत्र झाल्याची कथा बखरींत येते. प्रसादावर विश्वास ठेवा वा न ठेवा. दोन भावांचीं नांवें जोडलीं कीं त्या पिराचें नांव होतें, हें तर उघड आहे. दोन निरनिराळे संस्कृत शब्द भ्रष्ट होत होत नेमके एका पिराच्या नांवाशीं येऊन थांबले, हें मानणें आम्हांस जड जातें. शिवकालीन कवींद्र परमानंदानें शिवभारतांत 'शरीफ' असेंच लिहिलें. 'शरभ' त्यास सुचला नसता असें नाहीं.

'शरभ' रूप अगदींच काल्पनिक आहे असेंही नव्हे. तें तंजावरचें. तेथील भोसल्यांत शरीफजीचें सरफोजी झालें, आणि दुसऱ्या सरफोजीच्या (१७७७–१८३२) दरबारीं पंडितांनीं त्याचें 'शरभेंद्र' केलें; त्याच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या वैद्यकग्रंथांवर हेंच नांव आहे. तमिळ लिपींत फ व भ यांस वेगळीं चिन्हें नाहींत, तेव्हां हें रूपांतर तेथें सोपें गेलें असावें. सिंहासही मारणारा पुराणांतला अष्टपाद शरभ राजास शोभणाराही खरा. परंतु हें अलंकरण उत्तरकालीन आहे. त्याच्या आधारें सतराव्या शतकांतील नांव दुरुस्त करणें म्हणजे नातवावरून आजोबाचें बारसें करणें होय.

याच जातीचें दुसरें उदाहरण 'हंबीर'. रजपुती थाटाचें म्हणून याविषयीं कोणी शंका घेत नाहीं. पण अरबी 'अमीर' हाच संस्कृतांत 'हम्मीर' झाला, आणि महंमद घोरीच्या नाण्यांवर नागरींत 'श्रीहमीर' अशीं अक्षरें आहेत. रणथंभोरच्या चव्हाणानें तें नांव धारण केलें, व १६७४ त प्रतापराव गुजर पडल्यावर सरनौबत झालेल्या हंसाजी मोहित्यांस 'हंबीरराव' हा किताब मिळाला.