पंढरपूर पूर्वीचं राहिलं नाही, मग जायचं का?



आपल्या लातूर-नांदेडच्या भागात वयस्कर मंडळी पारावर बसली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आता पंढरपूर पूर्वीचं राहिलं नाही.’ ज्यांच्या पायांनी चाळीस वाऱ्या केल्या तेही हे म्हणतात, आणि ज्यांचं जन्मभर जायचं जायचं म्हणून राहून गेलं तेही म्हणतात. पहिल्यांच्या तोंडी ते दुःख आहे. दुसऱ्यांच्या तोंडी ते न जाण्याचं निमित्त होतं, आणि वय तर कुणासाठी थांबत नाही. म्हणून आज या वाक्याचीच परीक्षा करू.

आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडू. आषाढीला दर्शनबारीत तासन्‌तास, कधी दिवसभर उभं राहावं लागतं. चंद्रभागेला स्नानापुरतं पाणी हवं तर उजनी धरणातून सोडावं लागतं. वाळू उपशाने पात्रात खड्डे पडले, ते वेगळेच. पालखीमार्गाचा महामार्ग झाला, त्यात सावलीची जुनी झाडं गेली. लातूरहून कुर्डुवाडीमार्गे पंढरपूरला जाणारी छोटी गाडी आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची वारी होती. तिचेही रूळ बदलले. 2020 साली तर पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी राहिला. आता मंदिराभोवतीचा परिसर मोकळा करण्याचा, म्हणजे कॉरिडॉरचा बेत सरकारने मांडला आहे आणि तिथल्या रहिवाशांचा व व्यापाऱ्यांचा त्याला विरोध आहे. यातलं काहीही खोटं नाही.

आता उत्तरपक्ष. ‘पूर्वीचं’ म्हणजे नेमकं कधीचं? तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराजांनी 1685 साली पादुका पालखीत ठेवून वारी नेली. माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. नामदेवराय आणि जनाबाई यांच्या काळात रथही नव्हता आणि अंकलीचे अश्वही नव्हते. म्हणजे ज्याला आपण अनादि समजतो तोही एके काळी बदलच होता, आणि तो चांगला बदल होता.

मंदिराचंच बघा. 2024 च्या मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवून मंदिराच्या जतनाचं काम झालं. मागाहून बसवलेल्या संगमरवरी व ग्रॅनाइटच्या फरशा काढल्या, तेव्हा मूळचा काळा दगड उघडा पडला. काहींना ते मंदिर ओळखीचं वाटेना. जुनं रूप समोर आलं आणि आपण म्हणालो, जुनं गेलं! आपण जपत होतो ती आपल्या तरुणपणाची आठवण होती.

आणि ‘पूर्वीचं’ सगळं हवंसं तरी होतं का? चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, पण त्यांच्या समाजाला आत पाऊल टाकायला 1947 साल उजाडावं लागलं. साने गुरुजींनी त्या मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा दार उघडलं. त्या आधीचं पंढरपूर परत मागणारा वारकरी मला तरी भेटलेला नाही.

माऊली, मी किल्लारीचा आहे. बदललेल्या जागेविषयी आमच्याइतकं कुणाला कळणार? 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. चार वाजायच्या आत लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं ढिगारा झाली, हजारो माणसं गेली. त्यांना मारलं कुणी? दगडमातीच्या रुंद भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी. ती माळवदं आमच्या वाडवडिलांची होती, उन्हाळ्यात गारवा देणारी होती. म्हणून जुनं ते सगळं राखाच, असं मी म्हणणार नाही. ज्या बोळात चेंगराचेंगरी होऊ शकते तो बोळ रुंद करायलाच हवा.

पण दुसरी बाजूही आम्हीच पाहिली. नवी गावं दूर मोकळ्या रानात वसवली. सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, भूकंपाला टिकतील अशी घरं. हे उपकार मोठे आहेत. मात्र घरं दिली ती जमिनीच्या हिशेबाने, 250, 400 आणि 750 चौरस फुटांची. त्यामुळे भूमिहीन एका बाजूला आणि मोठा शेतकरी दुसऱ्या बाजूला गेला. जुन्या गल्लीत वसरीवरून वसरीवर हाक जायची. ती रुंद रस्त्यावर विरून गेली. जिथे भजनाला बोलवावं लागत नव्हतं तिथे निरोप धाडावा लागू लागला. आराखडा काढणाऱ्याने घरं मोजली, शेजार मोजला नाही.

म्हणून पंढरपूरच्या बदलाकडे बघताना माझी कसोटी एकच आहे. या बदलाने माणूस माणसाजवळ आणि देवाजवळ येतो की लांब जातो? फरशी निघाली, दगड दिसला, यात काही बिघडलं नाही. पण फडांचे मठ हलले आणि दिंडीला उतरायला, हरिपाठाला, कीर्तनाला गावात जागा उरली नाही, तर रस्ता कितीही देखणा होवो, तोटा आपला आहे. चारशे लोकांची दिंडी हॉटेलात उतरत नाही. आषाढीला वेळू लागतो तो मठाच्या अंगणात, टाळ वाजतो तो ओसरीवर. हे आराखडा करणाऱ्यांना सांगायलाच हवं, आणि सांगणारा पंढरीला जाणारा असला पाहिजे. जो जातच नाही त्याचं मत कोण विचारणार?

आता मूळ प्रश्न. ज्यांचं जायचं राहिलं आहे त्यांनी जावं का? जावं. स्वप्नातलं पंढरपूर शोधायला गेलात तर हिरमुसून परताल. ते कुणालाच सापडलेलं नाही. भेटीला जा. सासुरवाशीण माहेरी जाते तेव्हा घराला नवा रंग दिला म्हणून दारातून परत फिरते का? आई आहे ना, एवढंच ती बघते.

गुडघे साथ देत नसतील तर आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार यात्रांचा हट्ट सोडा. वद्य पक्षातला एखादा साधा दिवस निवडा. पुंडलिकाला भेटा, नामदेव पायरीवर माथा टेकवा, चोखोबांपाशी थांबा. रांग झेपली नाही तर कळसाचं दर्शन घ्या. आपल्या परंपरेने त्याला कधीच कमी मानलेलं नाही. गावातल्या एखाद्या मठात घटकाभर बसा आणि तिथल्या माणसांना विचारा, तुमचं काय चाललंय. परत आल्यावर पारावर जे पाहिलं ते सांगा, चांगलंही आणि खटकलेलंही.

पंढरपूर बदललं हे तेव्हा तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल.