गावी न कळवलेली मुंबई : मराठी साहित्यातील स्थलांतरिताचा अपेक्षाभंग

मुंबईच्या संदर्भात मराठी माणूस ‘जागा’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. गिरणीत, गोदीत वा कचेरीत मिळणारी नोकरी ही जागा. आणि रात्री पाठ टेकण्यापुरती भाड्याने मिळणारी खोली हीही जागाच. गावाहून मुंबईस आलेल्या माणसाचा अपेक्षाभंग बहुतेक वेळा या दोन अर्थांमधील अंतरात घडतो. पहिली जागा कशीबशी मिळते, दुसरी मिळता मिळत नाही. आणि ती मिळाली नाही ही गोष्ट गावी कळवली जात नाही. मराठी साहित्याने हे दोन्ही अनुभव अनेक अंगांनी नोंदवले आहेत. मराठी समीक्षेने मात्र त्यांचा विचार प्रामुख्याने ‘महानगरीय संवेदना’, ‘परात्मता’, ‘तुटलेपण’ या संज्ञांच्या साहाय्याने केला. या संज्ञा कितपत पुरेशा आहेत, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

या संज्ञांना आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहाने यंत्रयुगातील माणसाच्या यांत्रिक मरणाचे जे दर्शन घडवले, त्यासाठी जुनी काव्यपरिभाषा अपुरी होती. नवी परिभाषा घडवणे समीक्षेला भाग होते आणि ती युरोपीय आधुनिकतावादाच्या परिचयातून घडली. अडचण पुढे निर्माण झाली. मर्ढेकरांसाठी घडवलेली ही मोजपट्टी महानगरात घडणाऱ्या प्रत्येक कलाकृतीला लावण्यात आली. परिणामी भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५), जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) आणि नारायण सुर्वे यांची ‘माझे विद्यापीठ’मधील (१९६६) कविता यांना एकाच कप्प्यात बसवण्याची प्रथा पडली. पाध्यांची नाक्यावरची मुले याच शहरात वाढलेली आहेत. शहराने त्यांना काहीही देऊ केलेले नव्हते, त्यामुळे शहराने फसवले अशी त्यांची तक्रारही नाही. अपेक्षाभंगासाठी आधी अपेक्षा असावी लागते, आणि ती बाहेरून येणाऱ्याजवळ असते. शहरात जन्मलेल्याचे वैफल्य आणि शहरात आलेल्याचा अपेक्षाभंग यांत भेद न केल्याने बरीच गल्लत झाली आहे.

ही अपेक्षा मराठीत फार जुनी आहे. मुंबईचे पहिले विस्तृत मराठी वर्णन ज्यांनी केले ते गोविंद नारायण माडगावकर जन्माने मडगावचे. बालवयातच ते मुंबईस आले. त्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापूस व्यापाराला अभूतपूर्व तेजी आली होती. ग्रंथाचा सूर कौतुकाचा आणि विस्मयाचा आहे. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, युद्ध संपले, भाव कोसळले आणि सट्टेबाजीत गुंतलेल्या बँका व कंपन्या बुडाल्या. त्या धक्क्यानेही येणाऱ्यांचा ओघ थांबला नाही. मुंबईविषयीच्या अपेक्षेचे वैशिष्ट्य असे की प्रतिकूल पुराव्याने ती फारशी ढळत नाही. याचे कारण शोधताना ‘मायानगरी’ यासारख्या शब्दांचा आश्रय घेतला जातो. वास्तविक कारण त्याहून बरेच साधे आहे आणि ते मुंबईत नसून गावात आहे.

कोकणात मुंबईस नोकरी करणाऱ्यास ‘चाकरमानी’ म्हणतात. तो शिमग्याला, गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येतो. अंगावर नवे कपडे, हातात मुलांसाठी खाऊ, घरच्यांसाठी कापडचोपड. गावाला मुंबई दिसते ती एवढ्या दहा दिवसांपुरती. उरलेले सर्व महिने तो ज्या खोलीत काढतो, ती गावाने पाहिलेली नसते. गिरणगावात एकट्या आलेल्या पुरुषांसाठी गावकरी मंडळांच्या खोल्या असत. एकाच खोलीत एका गावचे अनेकजण राहत. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपण्याच्याही पाळ्या असत, जेवण खानावळवालीकडे. अनेकांची मालकी ट्रंक ठेवण्याइतक्या जमिनीपुरती. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील स्त्रीपुरुषांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेल्या मौखिक इतिहासात या जीवनाचे तपशील विपुल आहेत. ही खोली गावी वर्णन करून सांगण्यासारखी नव्हती. सांगितली असती तर गावातील घराचा मान गेला असता, कदाचित धाकट्या भावाचे लग्नही अडले असते. म्हणून अपेक्षाभंग झालेला माणूसच पुढच्या माणसाची अपेक्षा जिवंत ठेवत राहिला. मुंबईची कीर्ती जाहिरातींनी जितकी पसरली नसेल तितकी ती चाकरमान्यांच्या मौनाने पसरली.

साहित्याचे कार्य इथे सुरू होते. जे पत्रात लिहिले गेले नाही ते शाहिरीत, कवितेत, आत्मकथनात आले. अण्णाभाऊ साठे यांचे कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईस आले. स्वतः अण्णाभाऊ अनेक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहिले. त्यांच्या ‘मुंबईची लावणी’त मलबार हिलची श्रीमंती आणि परळमधील श्रमिकांचे जिणे समोरासमोर येते. शहराच्या वैभवाचे वर्णन करण्याच्या रूढ चालीत त्याच वैभवाचा पत्ता विचारणे, असे या रचनेचे स्वरूप आहे. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील रूपक म्हणूनच अधिक चर्चिली गेली. बेळगाव, कारवार यांच्या विरहाचे रूपक म्हणून तिचे महत्त्व वादातीत आहे. परंतु रूपक उभे राहते ते एका घरगुती वस्तुस्थितीवर. पत्नी गावी राहिली, कारण तिला आणावे अशी जागा मुंबईत नाही. समीक्षेने रूपक टिपले, पण त्याखालची खोली पाहिली नाही.

गावी राहिलेल्या त्या स्त्रीची बाजू लिखित साहित्यात क्वचितच येते. ती शोधायची तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या लक्षाहून अधिक ओव्यांमध्ये मुंबईला गेलेल्या पतीचा, भावाचा, मुलाचा उल्लेख येतो. या ओव्यांकडे लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष दिले. महानगरी साहित्याच्या अभ्यासात मात्र त्यांना स्थान मिळाले नाही, कारण त्या महानगरात रचल्या गेलेल्या नाहीत. विषयाच्या सीमा आखण्याची ही पद्धत सोयीची असली तरी न्याय्य नाही.

नारायण सुर्वे यांच्या ‘मनीआर्डर’ या कवितेत हे मौन अगदी उघडे होते. वेश्यावस्तीतील एक स्त्री पैसे गावी पाठवण्यासाठी मनीऑर्डरचा मजकूर दुसऱ्याकडून लिहवून घेते. पैसे पोचतील, पण ते कुठून आले हे पोचणार नाही. मनीऑर्डरच्या कागदावर मजकुरासाठी असलेली चिंचोळी जागा म्हणजे गावाला कळणारी मुंबई; त्या जागेत न मावलेले सारे म्हणजे कविता. सुर्व्यांकडे परात्मतेची भाषा नाही. अर्भकावस्थेत त्यांना सांभाळणारे गिरणी कामगार गंगाराम सुर्वे निवृत्तीनंतर कोकणात परतले, तेव्हा नारायण मात्र मुंबईतच मागे राहिला. ज्याला परतण्यासाठी गावच नाही त्याने शहरालाच विद्यापीठ मानले. हा आशावाद भाबडा असल्याचा आक्षेप घेतला गेला आहे. परंतु त्यात आशेपेक्षा निरुपाय अधिक आहे, आणि निरुपायाला सुर्व्यांनी दिलेली प्रतिष्ठा हीच त्यांच्या कवितेची खरी कमाई आहे.

दलित साहित्यात या प्रश्नाची मांडणी मुळापासून बदलते. सवर्ण लेखकाच्या लेखनात शहराने निराश केले की गावाची आठवण येते. दलित लेखकाला हा मार्ग मोकळा नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जी कठोर टीका केली, तिच्यामागे गावकुसाबाहेरचा अनुभव होता. त्या अनुभवातून शहराकडे येणाऱ्याची अपेक्षा धनाची नव्हती, अनोळखीपणाची होती. जात विचारली जाणार नाही, एवढीच. यापेक्षा माफक आणि यापेक्षा मोठी अपेक्षा कोणती असू शकेल?

बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेत हीच अपेक्षा मोडते. कथा मुंबईत घडत नाही. रेल्वेच्या नोकरीसाठी नायक उधन्याला गेलेला आहे. पण वर उल्लेखिलेले ‘जागे’चे दोन अर्थ इतक्या थेटपणे समोरासमोर आणणारी दुसरी मराठी कथा सहसा सापडत नाही. नोकरीची जागा आहे. खोलीसाठी मात्र जात लपवावी लागते. खोलीचे खरे भाडे पैशांत नसून या लपवण्यात आहे, आणि जात उघड होताच त्याची वसुली मारहाणीने होते. चाकरमानी आपली खोली गावापासून लपवतो. बागूलांचा नायक आपले गाव खोलीच्या मालकापासून लपवतो. दोघांच्याही मौनाचे कारण एकच, पण मौनाची किंमत सारखी नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) नागपाड्याचा कावाखाना आणि गावचा महारवाडा यांच्यातील येरझार आहे. तिथेही शहर सुटकेचे ठिकाण म्हणून येते आणि सुटका अर्ध्यावरच थांबते. तरीही निवेदक गावाकडे परत जाण्याचा विचार सुखाने करू शकत नाही. या लेखनातील वैफल्याला ‘महानगरीय एकाकीपणा’ म्हणणे म्हणजे रोगाचे नाव बदलून औषध टाळण्यासारखे आहे. कावाखान्यात एकाकीपण कुठले? तिथे एकांतच नव्हता.

याउलट परतीची शक्यता असलेला नायक पाहावयाचा तर भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’कडे (१९६३) वळावे लागते. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्यास येतो, रमतो, वैतागतो आणि अखेर गावी परततो. त्याच्या वैफल्याची चर्चा अस्तित्ववादाच्या अंगाने पुष्कळ झाली. त्याच्या वडिलांची गावी शेती आहे, घर आहे, ही गोष्ट त्या मानाने कमी बोलली गेली. शहराविषयी संपूर्ण निराश होणे हा एक परवडणारा अनुभव आहे आणि तो सर्वांना परवडत नाही. गावकरी मंडळाच्या खोलीतील कामगाराची निराशा पांडुरंगाइतकी निखळ होऊ शकत नाही, कारण पुढच्या महिन्याची मनीऑर्डर ठरलेली असते. याने ‘कोसला’चे मोल कमी होत नाही. मात्र तिला स्थलांतराच्या मराठी अनुभवाचे प्रातिनिधिक रूप मानण्याची सवय सोडावी लागते.

चाळीविषयीच्या हळव्या आठवणींचे मूल्यमापनही या प्रकाशात व्हावयास हवे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (१९५८) विनोदाच्या आडून अडचणींची जाण सतत जागी आहे. तिच्या अनुकरणातून निर्माण झालेल्या लेखनात ती जाण उरली नाही. सामायिक नळ, सामायिक संडास आणि लाकडी जिने हे जिव्हाळ्याचे प्रतीक ठरले. असे लेखन बहुधा चाळ सोडून गेलेल्यांनी केले आहे.

एक कायदेशीर वस्तुस्थितीही साहित्याभ्यासकाने लक्षात घ्यावयास हवी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी १९४० च्या पातळीच्या आसपास रोखून धरली. त्यामुळे आधी आलेल्याला संरक्षण मिळाले. मालकांनी भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधणे आणि जुन्या दुरुस्त करणे कमी केले, आणि नंतर आलेल्याच्या वाट्याला पागडी किंवा झोपडी आली. म्हणजे एकाच शहरात, एकाच गावच्या दोन भावांचा अपेक्षाभंग त्यांच्या आगमनाच्या वर्षानुसार निराळा ठरू लागला. ‘चक्र’मधील झोपडपट्टी ही या उशिरा आलेल्यांची वस्ती आहे. या कादंबरीवर नीतिअनीतीच्या अंगाने जेवढी चर्चा झाली, तेवढी तिच्यातील माणसांच्या ‘जागे’वर झाली नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर पहिली जागाही गेली. सुमारे अडीच लाख कामगारांच्या या संपाचे पर्यवसान हळूहळू गिरण्या बंद होण्यात झाले आणि त्यांच्या जमिनीचे मोल तिथे विणल्या जाणाऱ्या कापडापेक्षा कितीतरी अधिक ठरले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात ही उलटापालट एका कामगार कुटुंबाच्या खोलीत घडते. इथे अपेक्षाभंगाचा वारसा दुसऱ्या पिढीकडे आलेला आहे. वडिलांच्या पिढीजवळ निदान लपवण्यासाठी एक गाव होते. मुलांजवळ तेही नाही. खोली आहे, पण त्या खोलीला अर्थ देणारी गिरणी नाही. लेखक होऊ पाहणारा बाबा घरातल्यांना आणि घरातले बाबाला परके वाटतात. ‘तुटलेपण’ ही संज्ञा इथे कदाचित सर्वांत सार्थ ठरेल, परंतु ती सार्थ ठरते ती बंद गिरणीच्या भोंग्यामुळे, तत्त्वज्ञानामुळे नव्हे.

आज गिरणगावात उंच मनोरे आहेत आणि गावाहून येणाऱ्या तरुणांचा मोठा प्रवाह पुण्याकडेही वळलेला आहे. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात. भाड्याने मिळते ती खोली नव्हे, खाट. गावकरी मंडळाच्या खोलीतील ट्रंकेपुरत्या जमिनीचे हे नवे रूप आहे. पदांची संख्या मोजकी आणि उमेदवार लाखोंनी, त्यामुळे पहिली जागा बहुतेकांना मिळत नाही आणि दुसरीचे भाडे घरून येते. मनीऑर्डरची दिशा उलटली आहे. गावी न कळवण्याची रीत तशीच आहे. परीक्षा कशी गेली, या प्रश्नाला फोनवर दिले जाणारे उत्तर आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांतील अंतरावर अद्याप ‘बलुतं’ किंवा ‘अधांतर’च्या तोडीची मराठी कलाकृती आलेली दिसत नाही. ग्रामीण महाविद्यालयांच्या मराठी वर्गांतून दरवर्षी जी मुले पदवी घेऊन बाहेर पडतात, त्यांपैकी अनेकजण याच खाटांकडे जातात. त्यांना वर्गात ‘महानगरीय संवेदना’ शिकवली जाते ती मर्ढेकरांच्या आधारे, क्वचित ‘कोसला’च्या आधारे. ‘माझी मैना’ लोकशाहिरीच्या टिपणात, बागूल दलित साहित्याच्या टिपणात आणि ओव्या लोकसाहित्याच्या पेपरात असतात.