सायलेन लावलं, पण श्रेय कुणाचं?

केबलच्या आवरणासाठी हॅलोजनमुक्त, आगीला दाद न देणारं प्लास्टिक हवं, की बहुतेक वेळा ईव्हीएमध्ये ॲल्युमिनियम ट्रायहायड्रॉक्साइड, म्हणजे एटीएच, भरतात. यावरचे पेपर वाचायला घेतलेत की एकच साचा पुन्हा पुन्हा भेटेल. एटीएचला सायलेन हा कपलिंग एजंट लावला, ताणबल वाढलं, फोटोत कण नीट पसरलेले दिसले. म्हणून फिलर आणि पॉलिमर यांच्यात रासायनिक बंध झाला. माझा आक्षेप आहे तो या ‘म्हणून’वर.

आधी कोणाचं काम काय ते बघू. आग रोखतं ते एटीएच. साधारण २०० अंश सेल्सियसच्या वर ते फुटतं, उष्णता शोषतं आणि वजनाच्या सुमारे ३५ टक्के पाणी वाफ म्हणून सोडतं. अडचण अशी, की परिणाम दिसायला ते मिश्रणाच्या ६० टक्क्यांच्या आसपास भरावं लागतं. एवढी पूड भरली की माल कडक होतो, ताणला की लवकर तुटतो. तिथे सायलेन उपयोगी पडतं: एक टोक कणावरच्या हायड्रॉक्सिल गटांना, दुसरं पॉलिमरला. थोडक्यात, त्याचं मुख्य काम यांत्रिक गुण सांभाळायचं.

म्हणून पेपरातला तक्ता बघताना पहिला प्रश्न विचारा: तुलना कशाशी? नुसत्या ईव्हीएशी असेल, तर एटीएचचं श्रेय सायलेनच्या खात्यात जातंय. तेवढ्याच टक्क्यांचं, पण लेप न दिलेलं एटीएच शेजारी हवंच.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. कण पसरले म्हणून फरक पडला, की बंध झाला म्हणून? इथे स्टिअरिक ॲसिड फार कामाला येतं. ते कणांवर बसतं, त्यांना पसरायला मदत करतं, पण पॉलिमरशी बंध करत नाही. त्याचा नमुना ठेवला तर दोन्ही कारणं बरीचशी वेगळी करता येतात. शिवाय ते सायलेनपेक्षा स्वस्त. नुसतं पसरवूनच काम भागत असेल, तर महागडं सायलेन कशाला?

तिसरं: व्हिनिल सायलेन वापरलंय, पण पेरॉक्साइडचा उल्लेखच नाही? मग मुक्त मूलक आले कुठून आणि पॉलिमरकडचा बंध झाला कसा, हे लेखकांनी सांगायला हवं.

हे मी वरून सांगत नाहीये. दुसऱ्या वर्षी माझ्याच मसुद्यात असा एक ‘म्हणून’ होता. गाइडनी त्याभोवती पेनाने गोल केला आणि विचारलं, “स्टिअरिक कुठंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळी मिश्रणं पुन्हा करावी लागली.

तुमचा प्रस्ताव अजून कागदावर आहे. नमुन्यांच्या यादीत दोन ओळी आत्ताच वाढवा: लेप न दिलेलं एटीएच आणि स्टिअरिक ॲसिड लावलेलं एटीएच. नंतर हेच काम फार महागात पडतं.