अग्गञ्ञसुत्तातील शेताची सीमा

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्ताचे विवेचन करताना अनेक अभ्यासक महासम्मताच्या निवडीवर भर देतात व तीत सामाजिक कराराचे बीज पाहतात. हे विवेचन आम्हांस अपुरे वाटते. कारण सुत्ताचा मर्मभाग त्या निवडीच्या आधीचा आहे.

आपोआप उगवणारी साळ प्रारंभी सर्वांची होती. एका आळशी जीवाने सायंकाळचे व सकाळचे धान्य एकदमच आणले. दुसऱ्याने दोन दिवसांचे, पुढच्यांनी चार व आठ दिवसांचे. या साठवणुकीनंतर तांदळाला कोंडा व तूस आले, कापलेले पुन्हा उगवेना. तेव्हा साळ वाटली गेली, 'मरियादा' म्हणजे सीमा पडल्या. चोरी, असत्य व दंड त्यानंतरचे. राजा तर अखेरीस येतो. अर्थात खाजगी शेत ही येथे निसर्गसिद्ध व्यवस्था नसून लोभजन्य टंचाईवरील तोडगा आहे.

मात्र या कथेतील चोराजवळ स्वतःचा वाटा आहे. ज्याला वाटाच नाही, त्याचा विचार चक्कवत्तिसीहनादसुत्तात सापडतो : निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र व हत्या. म्हणून ही दोन्ही सुत्ते एकत्र वाचली पाहिजेत. पहिल्याच्याच आधारे मालमत्तारक्षणाला धम्माची संमती मानणे म्हणजे भूमिहीनाला विवेचनातूनही वगळणे होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न मानता कसण्यास द्यावी, जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत, असे सुचविले. त्यांचा प्रश्नही सीमेच्या रक्षणाचा नव्हता; सीमेबाहेर राहिलेल्या माणसाचा होता.