सात जोडपी, नाव एकाचेही नाही

अलिबागच्या उत्तरेला, थळच्या बाजूला नवगाव आहे. बेने इस्रायल या ज्यू समाजाची जुनी दफनभूमी इथे आहे आणि पहिल्या पूर्वजांचे स्मारकही. स्मारक अलीकडचे आहे. त्यामागची गोष्ट मात्र समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपली, आणि रसिकाने रेंगाळावे ते तिच्यापाशीच.

गोष्ट चार वाक्यांत संपते. चौलच्या बाजूने चाललेले गलबत नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेते दोन मोठ्या खड्ड्यांत पुरली: पुरुषांची एकात, बायकांची दुसऱ्यात. वाचलेले तिथेच राहिले.

आधी आकडा पाहा. बरोबर सात नि सात, म्हणजे पुढे सात घरे उभी राहणार याची तजवीज सांगणाऱ्याने आधीच करून ठेवली आहे. कोकणाला चौदाचा आकडा ओळखीचा आहे. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रातून चौदा प्रेते किनाऱ्याला लागतात, पण तिथे परशुराम येतो आणि त्यांना उठवतो. नवगावच्या किनाऱ्यावर कोणी देव येत नाही. मेलेले मेलेलेच राहतात आणि जगलेल्यांना त्यांची माती करावी लागते.

त्यातही ते दोन खड्डे. सर्वस्व बुडालेली माणसे प्रेते पुरतानाही पुरुष वेगळे, बायका वेगळ्या ठेवतात. रडारडीचे एक वाक्य गोष्टीत नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. रीत सुटली नाही, एवढे कळले की माणसे कळतात.

तिसरी खुबी म्हणजे नावांचा अभाव. वसाहतीच्या कथांत सहसा एक मूळपुरुष असतो, त्याचे शौर्य असते, त्याला मिळालेली सनद असते. इथे म्होरक्या नाही, जिंकलेली जमीन नाही. गाव आधीपासून वसलेले आहे आणि हे चौदाजण रिकाम्या हाताने त्याच्या दारात आले आहेत. मूळपुरुषच नाही म्हटल्यावर थोरली पाती कोणाची, हा वादही उरत नाही.

पोथ्या समुद्रात गेल्या, असे परंपरा सांगते. उरले ते अंगवळणी पडलेले: सुंता, शेमाची प्रार्थना, शनिवारची सुटी. पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. पुढे गावागावांत पांगून ते किहीमचे केहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर झाले.

हाईम सॅम्युएल केहीमकरांनी 1897 मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो तेल अवीवमध्ये छापला गेला 1937 साली. गलबत फुटल्याचा काळ त्यांनी इ.स.पू. 175च्या सुमाराचा धरला. अभ्यासकांत यावर एकमत नाही. गोष्टीला त्याचे काही नाही. तिने स्वतः साल सांगितलेलेच नाही.

या समाजाचे रोजच्या जगण्यातले स्मारक म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, सुकामेवा, वर फळे. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे नाव घेऊन हे ताट भरतात. तो अलिबागजवळच्या खंडाळ्यात येऊन गेला, अशी श्रद्धा आहे. प्रेषित बायबलातला, ताट अस्सल कोकणातले, आणि दोन्ही एकमेकांना परके वाटत नाहीत. वाचलेल्यांनी इथे काय केले, याचे उत्तर त्या ताटात आहे.

1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथे विवाहाच्या प्रश्नावर धर्मपीठाने त्यांच्या वंशशुद्धीबद्दल शंका काढली. चौकशी मागच्या पिढ्यांची होती, आणि यांच्या गोष्टीत तर मूळ पूर्वजांची नावेच नव्हती. समाजाने आंदोलन केले, धरणे धरले. अखेर 1964 मध्ये इस्रायल सरकारने ते सर्व बाबतींत ज्यूच असल्याचे जाहीर केले. दाखला म्हणून ही गोष्ट तोकडीच पडते. पण ज्यांच्यासाठी ती रचली गेली, त्यांना दाखला नकोच होता. आपण सगळे त्या चौदांचे, एवढे पुरेसे होते.