ऐकणारे आणि गाणारे : वृद्धांच्या घरावरील दोन चित्रपट

गेल्या नाताळापूर्वी आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींसह आम्ही जवळच्या एका वृद्धाश्रमास भेट देण्यास गेलो होतो. केक, फळे, गरम शाली असे सारे साहित्य सोबत होते. आश्रमातील वृद्धांना अंगणात ओळीने खुर्च्यांवर बसविण्यात आले होते. युवकांनी सहा नाताळगीते गायिली, एक छोटी नाटिका केली, आम्ही चार शब्द बोललो आणि भेटवस्तूंचे वाटप झाले. निघताना एका आजींनी आमचा हात धरून विचारले, "फादर, पुढल्या वर्षी याल तेव्हा आमचंही एखादं गाणं ऐकाल का?" आम्ही हसून "जरूर, जरूर" म्हणालो आणि गाडी खोळंबली आहे म्हणून निघून आलो. नंतर आश्रमाच्या सिस्टरांकडून कळले की या आजी ऐन उमेदीच्या काळात आपल्या गावच्या लग्नघरी उंबरपाण्याची गाणी सांगण्यात पुढे असत.

त्या प्रश्नाने आम्हांस बरेच दिवस स्वस्थता लाभू दिली नाही. त्या अस्वस्थतेतच आम्ही दोन चित्रपट पुन्हा एकदा पाहिले. दोन्हींचा विषय एकच आहे : निवृत्त गायक-वादक एकत्र राहतात ते घर, आणि त्या घरातील दिवस. या दोन कृतींची तुलना वाचकांपुढे मांडावी, आणि त्या निमित्ताने आपल्याकडील वृद्धसेवेच्या रीतीकडेही पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन्ही चित्रपटांच्या मुळाशी एक खरेखुरे घर आहे. इटलीतील थोर संगीतरचनाकार ज्युझेप्पे व्हर्दी (१८१३–१९०१) यांनी आयुष्याच्या अखेरीस मिलान शहरात वृद्ध व गरजू संगीतकारांसाठी एक वास्तू उभारली. कामिल्लो बोइतो या वास्तुविशारदाने बांधलेले हे घर १८९९ मध्ये पूर्ण झाले. तथापि आपल्या हयातीत ते उघडू नये, अशी व्हर्दी यांची इच्छा होती. उपकृतांचे आभार स्वीकारण्याचा प्रसंग त्यांना नको होता. म्हणून त्यांच्या निधनानंतर, १० ऑक्टोबर १९०२ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, पहिल्या रहिवाशांनी तेथे पाऊल ठेवले. रंगभूमीवर राबूनही ज्यांना दैवाने साथ दिली नाही, किंवा ज्यांना चार पैसे गाठीशी बांधणे जमले नाही, अशा सहकाऱ्यांसाठी हे घर होते. तेथे राहणाऱ्यांना आश्रित न म्हणता 'पाहुणे' म्हणावे, असा त्यांचा आग्रह असे. आपल्या ऑपेरांच्या मानधनाचे उत्पन्न त्यांनी मृत्युपत्राद्वारे या घराच्या नावे केले. स्वतः व्हर्दी आणि त्यांची पत्नी ज्युझेप्पिना यांच्या समाधीही याच वास्तूत आहेत. आपल्या साऱ्या कृतींमध्ये हे घर सर्वांत सरस, असे ते म्हणत. व्हर्दी यांचे चर्चशी संबंध फार जवळचे नव्हते, हे सर्वश्रुत आहे. परंतु आभार टाळून दिलेल्या या दानात आम्हां धर्मसेवकांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

या घरावर स्वित्झर्लंडचे दिग्दर्शक डॅनिएल श्मिड (१९४१–२००६) यांनी १९८४ मध्ये एक माहितीपट केला. त्याचे नाव 'टोस्काचे चुंबन'. पुच्चिनी यांच्या 'टोस्का' या ऑपेरात नायिका टोस्का दुष्ट पोलिसप्रमुख स्कार्पियाच्या छातीत सुरी खुपसते आणि त्या घावालाच आपले चुंबन म्हणते. त्यावरून हे नाव आले. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा दूरचा भाऊबंद, एवढे ध्यानात ठेवले तरी वाचकांस पुरे.

माहितीपट म्हटला की निवेदकाचा धीरगंभीर आवाज, संस्थेचा इतिहास, खाटांची संख्या आणि विश्वस्तांच्या मुलाखती असा एक ठरीव साचा आपल्या डोळ्यांपुढे येतो. श्मिड तो साचा बाजूला ठेवतात. त्यांचा कॅमेरा मार्गिकांतून, खोल्यांतून, पियानोच्या आसपास रेंगाळतो आणि माणसे आपणहून बोलू लागतात, गाऊ लागतात. मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात एके काळी गाजलेल्या गायिका सारा स्कुदेरी यांत ठळकपणे दिसतात. चित्रीकरणाच्या वेळी त्यांनी सत्तरी कधीच ओलांडली होती. आपल्याच तरुणपणीच्या आवाजातील 'टोस्का'मधील प्रार्थनागीताची ध्वनिमुद्रिका त्या ऐकतात आणि ऐकता ऐकता तिच्या बरोबरीने गाऊ लागतात. एकीकडे तबकडीवरचा निकोप, भरदार आवाज. दुसरीकडे खोलीतला थरथरता, मध्येच विरणारा आवाज. दोन्ही एकाच स्त्रीचे. आणखी एका प्रसंगी मार्गिकेतच 'टोस्का'तील तो खुनाचा प्रवेश सुरू होतो. ना पडदा, ना वेषभूषा. स्कुदेरी लटकी सुरी उगारतात आणि त्यांचे वृद्ध सहकारी मोठ्या इतमामाने 'मरतात'.

हे पाहताना प्रेक्षक आधी हसतो, यात संशय नाही. आम्हीही हसलो. परंतु काही क्षणांतच त्या हसण्याची लाज वाटू लागते. कारण गाणारी व्यक्ती हसण्यासाठी गात नाही. ती आपले काम करीत आहे. शब्दाची फेक, श्वासाची जागा, हाताचा डौल हे सारे अद्याप तिच्यापाशी शाबूत आहे. गेला आहे तो केवळ गळ्याचा जोर. श्मिड यांनी वृद्धांना साधुसंत केलेले नाही, हेही नोंदविले पाहिजे. या घरात अहंकार आहे, जुने हेवेदावे आहेत, आपली कीर्ती दुसऱ्यापेक्षा किती मोठी होती हे सांगण्याची अहमहमिका आहे. जेथे चार माणसे एकत्र नांदतात तेथे हे असणारच, मग ते मठ असो वा वृद्धाश्रम. वृद्ध माणूस म्हणजे शांत, क्षमाशील, हाती जपमाळ घेतलेली मूर्ती, असे चित्र आपणांस सोयीचे असते. या चित्रपटात ते टिकत नाही.

उणिवा नाहीत असे नव्हे. स्वयंपाक करणारे, आजाऱ्याची कूस बदलणारे, रात्री उठून पाणी देणारे हात या चित्रपटात फारसे दिसत नाहीत. कॅमेरा समोर असल्यामुळेच काही प्रसंग रंगले आहेत, हेही उघड आहे. ज्यांना गाता येत नाही, किंवा गाण्याची इच्छाच उरली नाही, अशा पाहुण्यांचे दिवस कसे जातात, हा प्रश्नही जवळपास अनुत्तरित राहतो.

दुसरा चित्रपट 'क्वार्टेट' २०१२ मधला. डस्टिन हॉफमन या नामवंत अभिनेत्याने तो दिग्दर्शित केला आणि रोनाल्ड हारवूड यांनी आपल्याच १९९९ च्या नाटकावरून त्याची पटकथा लिहिली. हारवूड यांना या विषयाची प्रेरणा श्मिड यांच्या माहितीपटावरूनच मिळाली होती. येथे घर इंग्लंडमधले, काल्पनिक. घर चालविण्यास पैसा अपुरा पडत असल्याने दरवर्षी व्हर्दी यांच्या जन्मदिनी तेथे निधीसाठी मैफल होते. एके काळची विख्यात गायिका जीन तेथे राहावयास येते. तिचा पूर्वीचा पती रेजी तेथे आधीपासूनच आहे. त्यांच्यासह विल्फ आणि विस्मरणाने ग्रासलेली सिसी यांनी मिळून व्हर्दी यांच्या 'रिगोलेतो'मधील चौघांचे प्रसिद्ध गीत पुन्हा गावे, असा घाट घातला जातो. जीन नकार देते. आपला आवाज पूर्वीचा राहिलेला नाही, लोकांनी तो ऐकू नये, असे तिला वाटते.

चित्रपट देखणा आहे. दिवंगत मॅगी स्मिथ यांची जीन करारी आणि आतून भ्यालेली आहे, तर पॉलीन कॉलिन्स यांची सिसी विसराळूपणातही माया लावणारी आहे. घरातील दिनक्रमही मोठ्या जिव्हाळ्याने टिपला आहे. रेजी तरुण विद्यार्थ्यांना ऑपेरा समजावून सांगताना त्यांच्या आवडीचे रॅप संगीतही समजून घेऊ पाहतो, तो प्रसंग तर आमच्या युवा समितीने अवश्य पाहावा. घरातील अन्य रहिवाशांच्या भूमिकांत हॉफमन यांनी खरेखुरे निवृत्त कलावंत घेतले आणि अखेरच्या श्रेयनामावलीत त्यांची तरुणपणीची छायाचित्रे दाखविली, ही त्यांची कृतज्ञता आम्हांस भावली.

आणि तरीही शेवट आम्हांस खटकला. अखेर जीन तयार होते. चौघे रंगमंचावर येतात. संपूर्ण चित्रपट ज्या क्षणासाठी खोळंबला होता तो क्षण येतो आणि कॅमेरा घराबाहेर निघून जातो! दिव्यांनी उजळलेली वास्तू आपण बाहेरून पाहतो आणि कानी येतात ते पाव्हारोत्ती, सदरलँड प्रभृती गायकांचे ऐन बहरातील ध्वनिमुद्रित स्वर. चौघेही अभिनेते आहेत, ते ऑपेरा गाणार कसे, हा व्यावहारिक खुलासा आम्हांस मान्य आहे. परंतु कलाकृतीला व्यावहारिक अडचणींतूनही वाट काढावी लागते, आणि ती कोणती वाट निवडते त्यावरून तिचे मन कळते. लोकांनी आपला म्हातारा आवाज ऐकू नये, ही जीनची भीती होती. ती भीती चुकीची आहे, असे दीड तास सांगून शेवटच्या दोन मिनिटांत चित्रपटाने ती खरी ठरविली. गंमत अशी, की त्याच मैफलीत ग्वेनेथ जोन्स या खऱ्याखुऱ्या वृद्ध गायिका आपल्याच आवाजात गातात, आणि गातात तेही 'टोस्का'तील तेच प्रार्थनागीत! वाट हॉफमन यांच्या घरातच होती. मोक्याच्या क्षणी ते तिच्यावरून गेले नाहीत, इतकेच.

यावर कोणी म्हणेल, सौंदर्य हेच कलेचे प्रयोजन असताना फाटका आवाज का ऐकावा? प्रश्न रास्त आहे. परंतु श्मिड यांच्या चित्रपटात स्कुदेरी जेव्हा आपल्या तबकडीबरोबर गातात, तेव्हा आपले लक्ष तबकडीकडे राहत नाही, असा आमचा अनुभव आहे. एका आवाजात कौशल्य आहे. दुसऱ्यात ते कौशल्य आणि त्यानंतरचे सारे आयुष्य आहे.

आपल्या मराठी रंगभूमीने वार्धक्याचे दुःख समर्थपणे मांडले आहे. कुसुमाग्रजांचे 'नटसम्राट' (१९७०) कोणाला ठाऊक नाही? तथापि त्यातील अप्पासाहेब बेलवलकर कोणाचे वडील आहेत, कोणाचे सासरे आहेत. त्यांची शोकांतिका कुटुंबाच्या उंबरठ्यावर घडते. त्यांच्या वयाच्या माणसांचा मेळा त्यांच्याभोवती नाही. आपल्या कथा-नाटकांत वृद्धाश्रम येतो तो बहुधा शिक्षा म्हणून, मुलांच्या कृतघ्नतेचा पुरावा म्हणून. दार बंद झाले की पडदा पडतो. त्या दारामागे सकाळ होते, कोणी कोणाशी भांडते, कोणी पत्ते पिसते, कोणी नव्याने मैत्री करते, हा विषय आपल्या लेखकांना अजून म्हणावा तसा खुणावलेला नाही. आपल्या कित्येक कुटुंबांतील मुले आज परदेशी आहेत आणि वृद्धाश्रम ही लाजेची गोष्ट न राहता गरजेची झाली आहे. अशा वेळी या विषयाकडे आमच्या नवलेखकांनी वळावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

आता स्वतःकडे वळतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये आजी-आजोबा व वयोवृद्धांसाठी जुलैचा चौथा रविवार जागतिक दिन म्हणून सुरू केला. आम्ही त्या दिवशी वृद्धांना पहिल्या बाकांवर बसवितो, गुलाबपुष्प देतो आणि त्यांच्यासाठी गातो. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे. अन्न, वस्त्र, निवारा त्याने मागता येतो. ऐकून घेतले जाण्याचा हक्क मात्र कोणत्या कायद्याने मिळावा? संत लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूला मंदिरात आणले जाते, तेव्हा तेथे शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना असते. त्या दोघांचा कोणी सत्कार करीत नाही. ती दोघे बोलतात आणि मरिया व योसेफ ऐकतात. हा उतारा आम्ही वर्षानुवर्षे वाचून दाखविला. त्यातील कोण बोलतो आणि कोण ऐकतो, इकडे मात्र आमचे लक्ष गेले नव्हते. त्या अंगणातील खुर्च्यांची ओळ आम्हीच लावली होती. हॉफमन यांना दोष देताना हे विसरून चालणार नाही.

प्रायश्चित्तकाळ सुरू होण्याआधी आम्ही पुन्हा त्या आश्रमात गेलो. या खेपेस सोबत केवळ पाच युवक होते, आणि कार्यक्रम काहीच नव्हता. खुर्च्या गोलाकार मांडल्या. आजींनी उंबरपाण्याचे गाणे सुरू केले. तिसऱ्या कडव्यापाशी त्या अडखळल्या. पलीकडच्या गावच्या दुसऱ्या आजींनी ते पुढे नेले, पण शब्द वेगळे निघाले. मग खरे शब्द कोणते, यावर दोघींची चांगलीच जुंपली. एका आजोबांनी दोघींनाही चूक ठरवून तिसराच पाठ म्हणून दाखविला. आमच्या युवकांपैकी एकजण मध्येच कंटाळून मोबाईलशी चाळा करू लागला. दुसरी मात्र वही काढून तिन्ही पाठ उतरवून घेऊ लागली. दीड तासाने आम्ही निघालो तेव्हाही वाद मिटला नव्हता. "फादर, पुढच्या वेळी लवकर या," आजी म्हणाल्या, "हिला मी सगळं गाणं म्हणून दाखवणार आहे."